परसबाग, बडोद्याचं ताट आणि शेतावरचा मजूर

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हाला विषय दिला होता तो ‘घरची भाजी’ एवढाच. गच्चीवर काय लावावं, कसं लावावं हे अर्धा तास सांगा, म्हणजे भगिनीवर्गाला आणि निवृत्त मंडळींना उपयोग होईल, असं त्यांचं म्हणणं. ते आम्ही सांगणारच आहोत. पण आम्ही पडलो बँकेतले कारकून, वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमेच्या बाजूला काही लिहिलं की नावेच्या बाजूला काय आहे ते पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. भाजीच्या जुडीचा हिशोब मांडायला बसलो आणि तो शेतावरच्या मजुरापर्यंत जाऊन पोचला. त्याच मजुराविषयीचा एक अर्ज सध्या आपल्या सभासदांमध्ये सहीसाठी फिरतो आहे. तेव्हा आज आधी बाग, मग ताट, मग मजूर अशा क्रमाने बोलू आणि शेवटी त्या अर्जाकडे येऊ.

आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, बाबाजीपुरा इथले वाडे आठवत असतील. मागच्या दारी आड, त्याच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कोपऱ्यात कढीलिंब, भिंतीवर घोसाळ्याचा वेल, आणि जागा असेल तर शेवग्याचं एक झाड. त्याला कोणी बाग म्हणत नसे. ते परस होतं. भाजी कमी पडली की आजी मागच्या दारी जायची आणि पदरात काहीतरी घेऊन यायची. वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली आणि परस गेलं. गच्ची मात्र आली, आणि बहुतेक ठिकाणी ती पाण्याच्या टाक्या आणि मोडकं सामान सांभाळत रिकामी पडली आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी मेथीपासून करावी. नवरात्र संपलं की बडोद्याचं ऊन उतरतं, तेव्हा पेरावी. पसरट घमेलं किंवा जुन्या टाकीचा कापलेला तळ घ्या, पाणी जायला खाली भोकं पाडा, वीतभर माती घाला. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळल्या पाल्याचा चुरा हे साधारण सारख्या मापाने. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार आठवड्यांत भाजी होते. उपटू नका. दोन बोटं देठ ठेवून खुडली तर तीच पुन्हा थोडीशी फुटते. कोथिंबिरीचे धने अख्खे टाकले तर उगवायला वेळ लागतो. ते हाताने रगडून दोन भाग करून टाकावेत, आणि आठ-दहा दिवस धीर धरावा.

पहिल्या पावसानंतर दोडका, घोसाळी, काकडी कठड्यावर चढवता येतात. अळूला फारसं काही लागत नाही, सतत ओल हवी. भांडी घासण्याची जागा गच्चीत असेल तर तिथेच लावा, पण पाण्यात साबणाचा मारा नको. वडीसाठी काळ्या देठाचं, पातळ भाजीसाठी हिरव्या देठाचं. उन्हाळा मात्र कठीण. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि गच्ची तव्यासारखी तापते. पालक आणि कोथिंबीर त्यात जळतात. मायाळू, राजगिरा आणि गवार टिकतात, तेही वर हिरवी जाळी बांधली आणि पाणी भल्या सकाळी किंवा दिवेलागणीनंतर घातलं तरच. भरलेल्या कुंड्यांचं वजन मोठं असतं. त्या गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतींच्या आणि तुळयांच्या ओळीवर ठेवाव्यात, आणि गळतीची तक्रार असलेल्या इमारतीत आधी गच्ची दुरुस्त करून घ्यावी. नाहीतर खालच्या मजल्याशी जन्माचं वैर! भाजीची देठं आणि सालं यांचा एक थर, वाळल्या पाल्याचा एक थर, असं झाकणाच्या डब्यात घालत गेलं की दोन-अडीच महिन्यांत खत मिळतं.

आता हिशोब. गेल्या कार्तिकात आम्ही मेथीच्या दोन घमेल्यांची नोंद ठेवली. रोज साधारण वीस मिनिटं जायची: पाणी, तण, पाखरं हाकलणं, किडलेली पानं काढणं. पंचवीस दिवसांची मिळून पाचशे मिनिटं, म्हणजे आठ तास वीस मिनिटं. सरकारी भाषेत एक कामाचा दिवस. पदरात पडल्या तीन जुड्या. एका माणसाची एका दिवसाची मजुरी भागिले तीन, असा भाव लावला तर ती मेथी आमच्या लारीवाल्याकडच्या मेथीच्या कितीतरी पट महाग. बी, खत आणि पाणी यांचा खर्च आम्ही अजून धरलेलाच नाही.

यावर कोणी म्हणेल, शेतात वाफे मोठे असतात, तिथे एवढा वेळ लागत नाही. खरं आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी मोटारीने. पण मेथी खुडणं, जुडी बांधणं, भेंडी तोडणं, वांगी तोडणं, निंदणी, ही कामं आजही हातानेच होतात. तीस-चाळीस जुड्या वाकून बांधल्यावर कंबरेचं काय होतं ते ज्याने तीन बांधल्या त्याला थोडंतरी कळतं. आमच्या मते गच्चीवरच्या बागेचा मोठा लाभ हाच आहे. भाजीत किती माणूस लागतो ते ती दाखवते.

आता ताटाकडे वळू. हल्ली ‘स्थानिक खा, गावचं खा’ असं सगळीकडे ऐकू येतं. आम्हालाही ते पटतं. पण बडोद्याच्या मराठी माणसाने स्थानिक म्हणजे काय म्हणायचं? आपण ज्याची वडी करतो त्याच पानाचं शेजारच्या बेन पातरा करतात. आपलं भरीत, त्यांचा ओळो. सुरतेकडे थंडीत जो पोंक मिळतो तो आपला हुरडाच. आणि ज्या शेव-उसळीसाठी बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम बडोद्याला थांबतात, तिच्यातला उसळ हा शब्द कुठून आला हे या सभागृहात सांगायला नको. तिच्यावरची लाल तर्री ज्या मिरचीने होते ती मिरची, आणि बटाटाही, पोर्तुगिजांच्या जहाजांतून या किनाऱ्यावर उतरले. ताटातला जो पदार्थ आज आपण अभिमानाने गावचा म्हणतो तो बहुतेक वेळा कधीतरी बाहेरून आलेला आहे, इथल्या मातीत रुजलेला आहे आणि शेजाऱ्याशी देवघेव करून बदललेला आहे.

ही भाजी पिकवतं कोण? खंडेराव मार्केटात किंवा दारावरच्या लारीवर येणारा माल पादरा, करजण, डभोई, वाघोडिया या बाजूंचा असतो. जमीन तिथल्या शेतकऱ्याची. पण खुरपं धरणारे हात पुष्कळदा छोटा उदेपूर, दाहोद, पंचमहाल इथल्या आदिवासी कुटुंबांचे, किंवा मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर-झाबुआकडचे. पाऊस संपला की त्यांच्या कोरडवाहू जमिनीवर काम उरत नाही, म्हणून ती निघतात. सौराष्ट्रात हीच माणसं भागिया म्हणून राहतात. चौथा, पाचवा, कधी सहावा वाटा घ्यायचा आणि वर्षभर सगळं कुटुंब शेतावर राबायचं, असा तो व्यवहार.

दुसरा मोठा प्रवाह आपल्या दक्षिणेला आहे, आणि त्याचा आपल्या भाषेशी थेट संबंध आहे. सुरत, नवसारी, तापी या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखाच्या वर माणसं येतात. ती येतात डांग आणि तापीच्या डोंगरातून, आणि आपल्या खानदेशातून, म्हणजे नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून. भुसावळ-सुरत मार्गावर नवापूरचं स्टेशन आहे. त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. आपण तिथे गंमत म्हणून फोटो काढतो. हे मजूर ती हद्द डोक्यावर बोचकं, काखेत मूल आणि हातात कोयता घेऊन ओलांडतात.

त्यांच्या टोळीचं मापच ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, ट्रकपर्यंत वाहते. पावसाळ्यात घरात धान्य नसतं तेव्हा मुकादम उचल देतो आणि त्या उचलीवर पुढचा हंगाम बांधला जातो. हंगामात पंधरवड्याला खायला धान्य मिळतं, तेही खात्यात मांडलं जातं. मजुरीचा खरा हिशोब होतो हंगामाच्या शेवटी, एप्रिल-मेमध्ये. राहायला रस्त्याकडेचा किंवा शेतातला पडाव, काठ्यांवर टाकलेलं प्लास्टिक. ट्रक रात्री दोनला आला तर रात्री दोनला भरायचा. हिशोबाची वही मुकादमाकडे असते आणि ती वाचता येणारे टोळीत थोडे असतात. आम्ही व्यवसायाने खातेवहीवाले, म्हणून सांगतो: ज्या खात्यात फक्त एकाच पक्षाला नोंदी करता येतात ते खातं कधी बरोबर जुळत नाही.

या भागाचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६२ पासून केला. त्यांनी एक प्रश्न विचारला, तो आपल्या अर्जाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. बारडोलीच्या आसपास भूमिहीन हळपती मजूर गावोगाव आहेत. पूर्वी हेच लोक हाळी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जमीनदारांकडे बांधलेले असत. इतके मजूर दारात असताना कारखाने शंभर-दीडशे किलोमीटरवरून माणसं का आणतात? ‘स्थानिक लोक काम करत नाहीत’ हे उत्तर आपण सगळेच देतो. ब्रेमन यांचं उत्तर वेगळं आहे. बाहेरून आणलेला मजूर हाताखाली ठेवायला सोपा असतो. त्याला इथे घर नाही, नातेवाईक नाहीत, संध्याकाळी परत जायला गाव नाही. मध्यरात्री उठवलं तर तो उठतो. भाव वाढवून मागायला त्याच्या पाठीशी कोणी नसतं. स्थानिक मजुराला याच कारणाने काम नाकारलं जातं आणि तो वीटभट्टीच्या शोधात दुसरीकडे निघतो. म्हणजे बारडोलीचा माणूस बाहेर आणि बाहेरचा बारडोलीत. दोघेही परके झाले की दोघांचाही भाव पडतो.

यात पाण्याचीही बाजू आहे. तापीवरचं उकाई धरण १९७२ साली पूर्ण झालं. त्याच्या जलाशयात सोनगड, उच्छल, निझर भागातली दीडशेहून अधिक गावं पूर्ण किंवा काही प्रमाणात बुडाली, बहुतेक आदिवासींची. त्या पाण्याचे कालवे खाली गेले आणि तिथे ऊस वाढला. आज डोंगराकडून जी माणसं तो ऊस तोडायला येतात त्यांत ज्यांच्या आजोबांची जमीन त्या पाण्याखाली आहे अशीही कुटुंबं आहेत. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणताना निदान एवढं लक्षात असू द्यावं.

आता साखरेचा हिशोब. २०२३ मध्ये गुजरात सरकारने ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. त्यासाठी मजुरांच्या संघटनांना पुष्कळ झगडावं लागलं. दर दुपटीने वाढला तेव्हा आता साखर महागणार, अशी कुजबूज आपल्याकडेही झाली. एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेमागे तोडणीचा किमान दर आधी २ रुपये ३८ पैसे होता, तो ४ रुपये ७६ पैसे झाला. चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो साखर लागते असं धरा. त्या घराच्या खर्चात वाढ झाली ती महिन्याला साडेनऊ रुपयांची, तीही सगळी आपल्यावर पडली असं मानलं तर. एक कोयता, म्हणजे दोन माणसं, दिवसाला एक ते दीड टन ऊस तोडतात. आपल्या वर्षभराच्या चहाची, संक्रांतीच्या तिळगुळाची आणि श्रीखंडाची मिळून अठ्ठेचाळीस किलो साखर म्हणजे त्या जोडप्याची जेमतेम अर्ध्या दिवसाची मेहनत. साडेनऊ रुपये आपल्याला परवडतात. प्रश्न आहे तो कागदावरचा दर त्यांच्या हातात पडतो की नाही याचा. उचल, धान्य आणि त्यावरचं व्याज वजा जाता किती उरलं, हे विचारणारं कोणी आहे का?

आम्हाला हे बँकेत बसूनही दिसलं आहे. २०१४ मध्ये जनधन खाती सुरू झाली तेव्हा एका शाखेत मजुरांच्या टोळ्या खातं उघडायला येत. बरोबर मुकादम असे. पत्त्याच्या रकान्याशी सगळं अडायचं, कारण माणूस सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे. खाती उघडली. पुढे कधी पासबुकात नोंद करायला एकच माणूस यायचा, आणि त्याच्या हातात रबर लावलेली पंधरा-वीस पासबुकं असायची. खातं मजुराच्या नावावर आणि पासबुक दुसऱ्याच्या खिशात, अशी स्थिती ज्यांनी पाहिली त्यांना योजना जाहीर होणं आणि पोचणं यातलं अंतर समजावून सांगावं लागत नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्याकडे वळू. आपण इथे कसे आलो? पिलाजीराव गायकवाडांचं पहिलं ठाणं सोनगड, म्हणजे आज जिथून हे ऊसतोड मजूर निघतात तोच मुलूख. १७३४ मध्ये बडोदे कायमचं गायकवाडांकडे आलं, आणि त्यांच्या मागोमाग आपले पूर्वज आले: कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी भिक्षुक, कोणी आचारी. सगळे कामासाठी आले. ज्यांच्या नावाने आपण आजही हात जोडतो ते सयाजीराव महाराज नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचे पुत्र. १८७५ मध्ये ते दत्तक येऊन गादीवर बसले. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच्याही आधी सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. सोनगड, व्यारा, गणदेवी हा सगळा नवसारी प्रांत बडोदे राज्याचाच होता. तिथल्या माणसांशी आपलं नातं ऊस लागायच्या फार आधीचं आहे.

१९६० च्या मे महिन्यात दोन राज्यं झाली, डांग गुजरातेत राहिला आणि आपणही. त्या काळात ‘मराठी लोकांनी आता आपल्या राज्यात जावं’ हे वाक्य ज्यांच्या घरातल्यांनी ऐकलं असे लोक या सभेत आहेत. २००८ साली मुंबई-नाशिककडे उत्तर भारतीयांना मारहाण झाली, तेव्हा तिथल्या नातेवाइकांशी फोनवर बोलताना आपल्यातले काही जण समर्थन करत होते. त्याच सुमारास आपल्याला इथे शेजारी विचारत होते, ‘तुमच्याकडे हे काय चाललंय?’ २०१८ च्या ऑक्टोबरात उत्तर गुजरातेत एका नराधमाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या हिंदीभाषकांवर हल्ले झाले आणि हजारो कामगार मिळेल त्या गाडीने निघून गेले. गुन्हेगार पकडला गेला होता. निघून गेलेल्यांचा गुन्ह्याशी संबंध नव्हता. आपण अल्पसंख्य भाषकांनी यातून एक गोष्ट शिकायला हवी. ‘बाहेरचा’ हा शब्द एकदा चालू झाला की तो कोणाला लावायचा हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही.

आणि माणसं गेली की काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा तोडणीचा हंगाम चालू होता. महामार्गावरून पायी चाललेली कुटुंबं आपण टीव्हीवर पाहिली. त्यानंतर काही आठवडे आपण लारीवाल्याची किती वाट पाहत होतो!

आता तो अर्ज. बायपासच्या पलीकडे भाजीच्या मळ्यांना लागून मजुरांच्या झोपड्या आहेत. त्या हटवाव्यात, तिथल्या बाहेरच्या लोकांना परत पाठवावं आणि शेतकऱ्यांनी स्थानिक मजूरच ठेवावेत, अशी मागणी त्यात आहे. खाली मंडळाचं नाव घालावं असा काही सभासदांचा आग्रह आहे. ज्यांनी सह्या केल्या ते आमचे स्नेही आहेत आणि त्यांची तक्रार खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. त्या बाजूच्या सोसायट्यांमध्ये चोऱ्या झाल्या आहेत. उघड्यावरच्या घाणीचा त्रास आहे. पण चोरीची तक्रार पोलिसांत नावानिशी किंवा अज्ञात इसमाविरुद्ध होते, वस्तीविरुद्ध होत नाही. घाणीवर उपाय संडास आणि पाण्याचा नळ हा आहे, आणि तो मागायचा महापालिकेकडे. ‘परत पाठवा’ म्हणाल तर कुठे पाठवणार? त्यातली बरीच कुटुंबं छोटा उदेपूरची आहेत. तो जिल्हा वेगळा झाला १५ ऑगस्ट २०१३ ला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती माणसं सरकारी कागदावर आपल्याच बडोदे जिल्ह्याची होती! आणि जिल्ह्याबाहेरची, राज्याबाहेरची असली तरी देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने जसा आपल्याला दिला तसाच त्यांनाही दिला आहे. आपल्या पिढ्या इथे सुखाने राहिल्या त्या याच विश्वासावर.

स्थानिकांना काम मिळावं, ही मागणी योग्य आहे. पण बाहेरच्याला हाकलून ती पुरी होत नाही, हे बारडोलीच्या उदाहरणावरून दिसतं. बाहेरच्याला स्वस्तात राबवता येतं तोवर मालक त्यालाच आणणार. त्याला किमान मजुरी, हिशोबाची प्रत आणि राहायला नीट जागा द्यावी लागली की परका स्वस्त राहत नाही, आणि स्थानिक मजुरालाही त्याच भावाने दारात काम मिळतं. म्हणून आमची सभेला विनंती अशी.

पहिली, त्या अर्जावर मंडळाचं नाव घालू नये. सभासदांना व्यक्तिशः काय करायचं ते त्यांनी करावं. त्याऐवजी मंडळाने महापालिकेला स्वतंत्र पत्र द्यावं: वस्तीला पाणी, संडास आणि रस्त्यावरचे दिवे.

दुसरी, शिधापत्रिका. एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय पहिल्यांदा ज्या राज्यांच्या जोड्यांमध्ये झाली त्यांत गुजरात-महाराष्ट्र ही जोडी होती. ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. कुटुंबातले म्हातारे गावी आणि तरुण इथे असले तरी दोन्हीकडे आपापल्या वाट्याचं धान्य उचलता येतं. हे त्या वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? आपल्यात निवृत्त मामलतदार कचेरीवाले आहेत, बँकवाले आहेत. महिन्यातून एक रविवार तिथे टेबल टाकून बसलो तर शिधापत्रिका, आधारची जोडणी आणि पासबुक आपल्याजवळ ठेवण्याचं महत्त्व या तीन गोष्टी समजावता येतील. पहिल्या रविवारी आम्ही स्वतः येऊ.

तिसरी, मुलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मूल वर्षाच्या मध्येही शाळेत दाखल होऊ शकतं, दाखल्यासाठी त्याला अडवता येत नाही. आपल्या शहरातल्या मराठी शाळांची पटसंख्या घटत गेली म्हणून आपण दरवर्षी खंत करतो. खानदेशातून आलेलं एखादं मराठी बोलणारं मूल वस्तीत असेल, तर त्याला शाळेच्या दारापर्यंत नेण्याचं काम आपल्या निवृत्त शिक्षिका भगिनी उत्तम करतील.

चौथी, दोन्ही राज्यांच्या सरकारांना पत्र. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ आहे. नंदुरबार-धुळ्याहून गुजरातेत जाणाऱ्या मजुरांची तिथे निघतानाच नोंद व्हावी, अशी मागणी आपण करावी. गुजरात सरकारकडे मागावं की ४७६ रुपयांच्या दराचा दरमहा लेखी हिशोब प्रत्येक कोयत्याला त्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावा. आंतरराज्य मजुरांसाठीचा १९७९ चा जुना कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी संहिता लागू झाली आहे. नियम नवे आहेत तोवरच ते नीट पाळले जातील असं पाहणं सोपं. निवडणुकीआधी सगळ्या पक्षांचे उमेदवार आपल्या गणेशोत्सवात आरतीला येतात. त्यांना प्रसादाबरोबर या पत्राची एक प्रत द्यावी आणि पुढच्या वर्षी उत्तर विचारावं.

या चार गोष्टींचा ठराव आम्ही लिहून आणला आहे. चर्चा व्हावी, दुरुस्त्या याव्यात, विरोध असेल तर तोही मोकळेपणाने मांडावा. मतदान झाल्यावर जो निर्णय होईल तो मंडळाचा.

आणि कार्यवाहांच्या मूळ विषयाशी इमान राखून एक सूचना: मेथीचं बी आम्ही पुड्या बांधून आणलं आहे. मागच्या टेबलावर ठेवलं आहे. जाताना प्रत्येकाने एक पुडी न्यावी, पंचवीस दिवस वेळ लिहून ठेवावा आणि पुढच्या सभेत आपापला हिशोब आणावा.